पोआ अल्पिना नागपुरात जगेल का? (मनीषनगर, गच्ची आणि थोडं अंगण)

मनीषनगरचा काका

नमस्कार मंडळी. प्रश्न येडपटासारखा वाटेल, तरी विचारतो.

जूनमध्ये मुलाकडे ऑस्ट्रियात जाऊन आलो. तो इन्सब्रुकला असतो. एका रविवारी रोपवेत बसवून दोन हजार मीटरच्या वर घेऊन गेला. बर्फ नुकताच ओसरला होता आणि उतारावर हिरवं कुरण. लोक डोंगर पाहत होते, मी मात्र खाली बसलो होतो, कारण गुडघे. बसल्या बसल्या एका गवताकडे लक्ष गेलं. वीतभर उंचीचं, जांभळट तुऱ्याचं. तुरा वाकून जमिनीला टेकला होता. हातात घेऊन बघतो तर त्यावर दाणे नाहीतच, दाण्यांच्या जागी इवली इवली गवताची रोपं! अवकाळीत भिजलेल्या गव्हाच्या ओंबीला कोंब फुटतात ना, तसं वाटलं. पण गव्हाचं ते नुकसान असतं, इथे झाड मुद्दाम तसं करत होतं. जवळच्या पाटीवर नाव होतं, पोआ अल्पिना. बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, असं मुलाने वाचून सांगितलं.

तेव्हापासून डोक्यात बसलंय. मुलगा दिवाळीला येतोय, तिकडून बियांची पुडी आणतो म्हणाला. गच्चीवर १० बाय १२ फुटांचा कोपरा आहे. तिथे आठ इंच माती टाकून छोटं कुरण करायचा विचार आहे. खाली अंगणातही साधारण तेवढीच जागा आहे, काळी माती, दुपारनंतर शेजाऱ्यांच्या भिंतीची सावली.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरचा उन्हाळा. पण २९ डिसेंबर २०१८ ला आपल्याकडे ३.५ अंश होतं हे विसरू नका. थंडी आपल्याकडेही पडते. उन्हाळ्यापुरती हिरवी जाळी आणि जुना कूलर लावायची तयारी आहे. माती कोणती, बी कधी टाकायचं, किती खोल, पाणी किती? कोणी केलं असेल तर सांगा.

सौ. म्हणते, आधी कुंडीतला कढीपत्ता जगवून दाखवा.

हिंगणा रोड

काका, कूलर नको, एसी लावा. आणि बिल मुलाला पाठवा.

थट्टा सोडा, एक गोष्ट आधीच सांगतो. परदेशातून बी खिशात घालून आणायचं नसतं. प्लँट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ आहे. पेरणीच्या बियांना आयात परवाना लागतो, शिवाय तिकडच्या सरकारचं रोग-कीडमुक्तीचं प्रमाणपत्र. 'गवताचंच तर बी आहे' असं म्हणून चालत नाही. गाजरगवत आपल्याकडे आलं तेही कोणी मुद्दाम आणलं नव्हतं. मुलाला सांगा, चॉकलेटं आण.

कामठीची वहिनी

काका, तुमचं वाचून मला माझी गुलमर्गची क्वार्टर आठवली, म्हणून लिहायला बसले. लांबेल जरा.

आमच्या साहेबांची बदली २००८ ते २०११ गुलमर्गला होती. उंची साधारण २,६५० मीटर. क्वार्टरच्या मागे उतारावर एक दगडी बांधाचा वाफा होता आणि तिथला म्हातारा माळी, आम्ही त्याला चाचा म्हणायचो, तो या गवताचे ठोंब वरच्या खिलनमर्गकडून आणून लावायचा. हे गवत युरोपातलंच असं नाही, आपल्या हिमालयातही उंचावर आहे. मला तेव्हा ते नुसतं गवत होतं. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी नाव सांगितलं आणि ओळखायची खूणही. पानाचं टोक होडीच्या नाळेसारखं मिटलेलं असतं. बोटाने दाबून सपाट केलं की ते दोन भागांत फाटतं. हरळीचं पान दाबून बघा, तसं होत नाही. बुडाशी जुन्या पानांच्या आवरणांचा जाड कोश असतो, कांद्याच्या सालींसारखा एकावर एक. तुम्ही पाहिलेली तुऱ्यावरची पिल्लं सगळ्यांना नसतात. काही झाडं साधं बी धरतात, काही पिल्लं. पिल्लांच्या वजनाने तुरा वाकतो, जमिनीला टेकतो आणि पिल्लं तिथेच मूळ धरतात. वर उन्हाळा इतका छोटा की बी पिकून रुजायला वेळ मिळेलच असं नाही, म्हणून ही सोय.

चाचा ते कसं लावायचा ते सांगते, कारण तुम्ही तेच विचारलंय. ऑक्टोबरमध्ये, बर्फ पडायच्या आधी, तो वाफा मोकळा करायचा. माती रेताड, बारीक खडी मिसळलेली, वर चार बोटं कुजलेला पाला. पाणी साचता कामा नये आणि माती कोरडीही पडता कामा नये, दोन्ही. बी भुरभुरायचं आणि वरून फळीने दाबायचं. गाडायचं नाही, उजेड लागतो त्याला. फार तर चिमूटभर वाळू. मग वरून बर्फ यायचा आणि एप्रिलपर्यंत विषयच संपला. बर्फ वितळला की दोन-तीन आठवड्यांत हिरवी लव दिसायची. पहिलं वर्षभर नुसते फुटवे, तुरा दुसऱ्या वर्षी. ठोंब फोडून लावायचा तर वसंतात. खत जवळजवळ नाहीच. एकदा मी हौसेने कोंबडीखत टाकलं, तर बाजूचं उंच गवत असं माजलं की हे बिचारं खाली दबून गेलं. चाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण मला खरं कळलं ते फेब्रुवारीत. बाहेर उणे बारा-तेरा असेल. मुलाचा चेंडू बर्फात गेला म्हणून मी फावड्याने वाफ्यावरचा बर्फ बाजूला केला. हाताच्या कोपरापर्यंत बर्फ, आणि खाली गवत चक्क ओलं, मऊ, पिवळट हिरवं. माती गोठलेलीसुद्धा नव्हती. बुडाशी टोकदार पांढरे कोंब तयार बसलेले. तोपर्यंत मला वाटायचं, हे गवत बर्फ सोसतं. तसं नाहीये काका, ते बर्फाची गोधडी पांघरून झोपतं. वर कितीही गारठा असो, गोधडीखाली शून्याच्या आसपास. आणि उरलेले चार-पाच महिने जुलैतसुद्धा रात्री स्वेटर लागेल असे.

आता कामठी. २०११ च्या नोव्हेंबरात बदली झाली. सामानाच्या काळ्या पेट्यांमध्ये एका पेटीत ओल्या गोणपाटात दोन ठोंब, आणि वाफ्यातलं मूठभर बी कागदाच्या पुडीत. हिवाळाभर ठोंब असे काही सुखात होते की मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. फेब्रुवारी संपेपर्यंत मजा. मार्चच्या मधोमध पानांची टोकं वाळायला लागली. मी पाणी वाढवलं. चूक. जाळी बांधली, कुंडी कूलरच्या तोंडासमोर ठेवली, एप्रिलमध्ये बर्फाचे तुकडेसुद्धा कुंडीत टाकले. शेजारच्या क्वार्टरमधल्या मॅडम रोज विचारायच्या, आज पेशंटला सरबत दिलं का?

मुलाच्या शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला काचेचा थर्मामीटर एके दुपारी तीन वाजता कुंडीच्या मातीत खोचला. जाळीखाली, पाणी घातलेल्या मातीत, ३४ अंश. बाहेरच्या उन्हातल्या कुंडीत ३९. हा एप्रिल, मे नव्हे. या जातीच्या गवतांच्या मुळांना १० ते १८ अंशांची माती मानवते. कूलरने हवा गार आणि दमट झाली, माती तापलेलीच राहिली, आणि बुडाशी त्या कोशात पांढरी बुरशी धरली. मेच्या पहिल्या आठवड्यात ठोंब उपटला तर हातात पेंढीसारखा अलगद आला. मुळं चहाच्या चोथ्यासारखी, तपकिरी आणि ओली.

दुसऱ्या वर्षी शहाणपण केलं. पुडीतलं बी २०१२ च्या दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीबरोबर, पसरट कुंडीत टाकलं. सतरा-अठरा दिवसांत उगवलं. होळीपर्यंत सुंदर गुबगुबीत गादी. तुरा एकही नाही. आणि एप्रिलमध्ये परत तोच चोथा. त्याच मेमध्ये, २३ तारखेला, नागपुरात ४७.९ नोंदलं गेलं, नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागायला दोन दिवस असताना. गवत तेव्हा नव्हतंच, पण असतं तर ते बघायची माझी तयारी नव्हती.

तुमच्या ३.५ अंशांबद्दल. ती एक रात्र होती, काका. तुरा यायला या गवताला आधी लहान दिवसांचे आणि गारठ्याचे कित्येक आठवडे लागतात, आणि मग मोठे दिवस. इन्सब्रुकला जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो. आपला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आत. म्हणजे कुंडी तुम्ही फ्रीजमध्ये ठेवून थंडी दिलीत, तरी पुढचा निरोप त्याला मिळणारच नाही. ज्या पिल्लांवर तुमचा जीव जडलाय ती नागपुरात दिसायची नाहीत.

आणि उन्हाचं कारण नुसतं 'सोसत नाही' एवढंच नाहीये. गहू, पोआ वगैरे थंड हवेची गवतं ज्या रीतीने अन्न बनवतात, त्यात उष्णता वाढली की पानातलं ते कामाचं विकर, म्हणजे एन्झाइम, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरत बसतं. कमाई घटते. त्यात आपल्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा २८-३० अंश, म्हणजे झाड रात्रभर श्वासोच्छ्वासात साठवण जाळत बसतं. दिवसा कमाई नाही, रात्री खर्च थांबत नाही. ऊस, ज्वारी, हरळी आणि आपली माळावरची गवतं यांनी यावर वेगळा तोडगा काढलेला आहे, कार्बन आधी एका ठिकाणी गोळा करून मग त्या विकराला पुरवायचा. म्हणून ती मेमध्ये पिवळी पडली तरी मुळं शाबूत असतात. कूलरने किंवा जाळीने यात काही फरक पडत नाही.

गच्चीचं सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. एक घनफूट ओली माती म्हणजे ४५ ते ५० किलो. १० बाय १२, आठ इंच, म्हणजे ८० घनफूट. पावणेचार टन! बिल्डरने ते धरून स्लॅब टाकला असेल असं मला वाटत नाही. कुरण करायचं तर अंगणात.

मनीषनगरचा काका

वहिनी, पावणेचार टन वाचून सौ. ने ताबडतोब गच्चीच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या.

तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, त्यामुळे वाद घालायची सोय ठेवली नाही. पण खरं सांगू का, मला लॉन नकोय. कॉलनीत सगळ्यांकडे ते गालिच्यासारखं लॉन आहे, दर शनिवारी मशीन फिरवतात. मला ते वाऱ्यावर हलणारं, तुऱ्याचं, डोंगरावरचं गवत हवंय. आपल्या हवेत तसं काही आहे का? आणि हिवाळ्यापुरती एखादी कुंडी करायचीच म्हटलं तर, बी परदेशातून न आणता?

काटोलचा भाऊ

काका, राग मानू नका, पण तुम्ही ऑस्ट्रियात जाऊन गवत पाहून राहिले आणि काटोल रोडनं कधी सप्टेंबरात गाडी थांबवली नाही वाटते.

तुम्हाला डोंगराचं गवत पाहिजे ना? आमच्याकडे त्याचं नावच डोंगरी आहे. बरड जमिनीवर, मुरमाच्या टेकडीवर, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी न लावता येते. पोळा झाला की तुरा काढते, आणि संध्याकाळच्या उन्हात त्याच्या टोकाशी सोनेरी केस चमकतात. त्याच्या जोडीनं पवन्या असते, कोणी शेडा म्हणते. पवन्याचा तुरा एकेरी, थोडा वाकडा, पांढरट. ढोरं पवन्या पहिले खातात, मंग डोंगरी. दोन्ही वर्षानुवर्षं राहतात. उन्हाळ्यात वाळून जातात, मिरगाचा पाऊस पडला की बुडातून फुटतात. आमच्या बरडीवरचा ठोंब मी लहान होतो तवापासून पाहून राहिलो, अजून तिथंच आहे.

कुसळी मात्र अंगणात आणू नका. दिसायला चांगली, सगळी कुसळं एकमेकीत पिळून काळी वेणी घातल्यासारखी होतात. पण ते कुसळ ओलं झालं का फिरते, स्क्रूसारखं. पायजम्यात घुसलं तर बाहेर येत नाही, पुढंच जाते. मेंढराच्या कातडीत जाते. नातवंडं असतील तर अजिबात नको.

आणि वासाचं पाहिजे असंल तर तिखाडी लावा. रोशा गवत. आमचे आबा सांगत, पहिले जंगलाच्या कडेला भट्ट्या लावून तेल काढत. पान चुरगळलं का हात दिवसभर वासते, गुलाबासारखा पण तिखट. त्याच्यात दोन प्रकार. मोतिया उताराच्या कोरड्या जमिनीवर येते, तिचं तेल चांगलं. सोफिया खालच्या ओलसर जागी, तिला तेवढा भाव नाही. ढोरं जून तिखाडीला तोंड लावत नाही, म्हणून ते धुऱ्यावर टिकते.

एकच सांगतो. आठ महिने हे गवत पिवळं राहते. वाळलं म्हणून उपटून फेकजा नका. आमच्याकडं एका शहरातल्या पाहुण्यानं फार्महाऊस घेतलं, मार्चमध्ये सगळी टेकडी जाळली, 'कचरा साफ केला' म्हणे. दुसऱ्या वर्षी तिथं गाजरगवत.

कामठीची वहिनी

भाऊंनी माझं काम हलकं केलं. मी कामठीत तिसऱ्या वर्षी हेच लावलं. रामटेककडे जाताना एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, त्याला विचारून, डोंगरी आणि पवन्याचे तुरे ओरबाडून पिशवीत भरले. आता निवृत्तीनंतर नागपुरातल्या घरी त्याच रोपांची पोरं-नातवंडं आहेत. तसं पाहिलं तर हाच आपला पट्टा. देशभरातल्या गवताळ प्रदेशांचे पाच ढोबळ प्रकार मानतात, त्यातला आपला सेहिमा-डायकॅन्थियम, म्हणजे पवन्या आणि मारवेल. तुमचं पोआ ज्यात बसतं तो हिमालयाच्या उंचीवरचा.

माझी इथली मोठी चूक ऐका, म्हणजे तुमची वाचेल. गोळा केलेलं बी मी ताजं ताजं पेरलं. ऑक्टोबरात गोळा केलं, नोव्हेंबरात टाकलं, पाणी घातलं, काही नाही. मला वाटलं, बी पोचट. उरलेली पिशवी माळ्यावर फेकली. पुढच्या जूनमध्ये साफसफाईत सापडली, कंटाळून वाफ्यात झटकली, आणि जुलैत दाट उगवण! या गवतांचं ताजं बी झोपलेलं असतं, त्याला काही महिने कोरडं पडून राहू द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोळा करा, कापडी पिशवीत टांगा, आणि पुढच्या पावसाळ्यात पेरा. इतका धीर नसेल तर भाऊंसारख्या कोणाकडून जुलैत ठोंब मागा. एक जुना ठोंब विळ्याने चार भागांत फोडायचा, प्रत्येकाला चार-पाच फुटवे आणि मुळं राहतील असा, पानं वीतभर ठेवून छाटायची. दोन ठोंबांत दीड फूट. सुरुवातीला उघडं-बोडकं दिसेल. दिसू द्या, दुसऱ्या पावसाळ्यात एकमेकांना भिडतात.

बी हलकं आणि केसाळ असतं, वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. म्हणून शेण, माती आणि थोडी वाळू कालवून त्यात बी मिसळायचं आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवायच्या. पहिला चांगला पाऊस झाला की नुसत्या टाकायच्या, गाडायच्या नाहीत. नातवंडांना हे काम द्या, फार आवडतं.

तुमची माती काळी आहे, ती मला खटकते. पवन्या आणि डोंगरीला पाय मोकळे हवेत. आपल्या काळ्या मातीत ऑगस्टभर वाफसाच येत नाही, पाणी निथळून माती मोकळी होतच नाही. अंगणात फूटभर उंचीचा उंचवटा करा, निम्मा मुरूम आणि निम्मी माती, भिंतीकडे उतार. मारवेल मात्र काळ्या मातीतही खुशाल येते, तिचे ठोंब खालच्या कडेला लावा. तिचा तुरा हाताच्या बोटांसारखा फुटतो आणि पेराला चिमुकली पांढरी दाढी असते, भिंगातून बघा. एक गोष्ट राहिलीच, दुपारनंतरची भिंतीची सावली. सकाळी निदान पाच-सहा तास ऊन पडत असेल तर चालेल. त्याहून कमी असेल तर गवत उंच होऊन लोळतं.

पहिल्या वर्षी कापू नका, बी पडू द्या. नंतर दिवाळीच्या सुमारास एकदा, जमिनीपासून चार-पाच इंच सोडून विळ्याने. मशीन नाही. बुडालगत कापलं की पुढच्या वर्षी ठोंब मधून मरतो आणि नुसतं कडं उरतं. मी थोडं न कापता ठेवते, कारण मुनिया, त्या इवल्या चिमण्यांसारख्या, येतात. परवाच एक चोचीत हातभर पान धरून उडायचा प्रयत्न करत होती. पान तारेत अडकायचं, ती सोडायची, परत यायची. सकाळचा अर्धा तास गेला माझा, पोहे करपले.

हिवाळ्याच्या कुंडीचं. बियाण्याच्या दुकानात केंटकी ब्लूग्रास मागा, लॉनचं बी म्हणून येतं. नाव अमेरिकेचं, पण ते पोआ प्रॅटेन्सिस, तुमच्या अल्पिनाचा सख्खा भाऊ. होडीसारखं टोक त्यालाही आहे. पाकिटावरची तारीख बघून घ्या. पसरट कुंडी, सहा इंच खोल पुरे. वाळू, पोयटा, गांडूळखत सारखं सारखं. दिवाळीनंतर रात्री पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की बी टाका, फळीने दाबा, वर ओलं गोणपाट. रोज फक्त झारीने. दोन ते तीन आठवडे काहीच दिसणार नाही, उकरून बघू नका. दुकानदार 'हे लवकर उगवतं' म्हणून राय ग्रास देऊ बघेल, आठवड्यात उगवतं खरं, पण ते पोआ नव्हे. होळीला कुंडी कंपोस्टमध्ये उलटी करायची. गव्हासारखंच समजा, गव्हाला कोणी मेमध्ये पाणी घालत नाही.

हिंगणा रोड

वहिनी, करपलेल्या पोह्यांवर तर्री टाकली असती तर कोणाला कळलं नसतं.

मनीषनगरचा काका

मुलाला फोन केला. पुडी नको, त्या तुऱ्याचा जवळून फोटो पाठव म्हटलं. त्याने विचारलं, बाबा, तब्येत बरी आहे ना?

काल सकाळी अंगणात घड्याळ घेऊन बसलो. ऊन सव्वासातला येतं आणि साडेबाराला भिंतीची सावली पडते. सव्वापाच तास. वहिनी, हे चालेल ना? भाऊ, पुढच्या रविवारी काटोल रोडने येतो आहे. सोबत कापडी पिशवी आणि सौ. आहे. तिला तिखाडीचा वास घ्यायचाय. कढीपत्त्याचा विषय तूर्त बंद आहे.

काटोलचा भाऊ

या काका. पायात बूट घालून येजा, चप्पल नको. कुसळी पिकली आहे.